शासकीय नमुना-संग्रह आणि आपल्या वावरातला ऊस



लागणीचे दिवस जवळ आले की गट कार्यालयात एकच विचारणा सुरू होते, "साहेब, यंदा बेणं कोणतं?" कोणी ८६०३२ मागतो, कोणी २६५ मागतो. हे आकडे आपल्या तोंडी इतके बसले आहेत, की ते कोठून आले याचा विचार सहसा कोणी करीत नाही. या लेखात तोच विचार करावयाचा आहे. कारण या आकड्यांच्या मागे सरकारने शंभरावर वर्षे सांभाळलेला एक मोठा साठा आहे. हा साठा नमुन्यांचा आहे : जिवंत उसाच्या, वाळविलेल्या वनस्पतींच्या, टाचणीला लावलेल्या किडींच्या आणि रोगाच्या बुरशींच्या नमुन्यांचा.

"मेलेले किडे आणि वाळलेलं गवत कपाटात ठेवून सरकारला मिळतं काय?" असे एका मेळाव्यात एका सभासदाने विचारले होते. प्रश्न रास्त आहे. जनतेचा पैसा खर्च होतो, तेव्हा तो कशाला होतो हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याचे उत्तर नीट समजावून घेतले, तर आपल्या बेणे मळ्यात आपण काय चुकतो तेही आपोआप ध्यानात येईल.

नावातच चिठ्ठी आहे

प्रथम नावापासून सुरुवात करू. "को" म्हणजे कोइमतूर. तामिळनाडूतील कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. आज ती ऊस पैदास संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ताब्यात आहे. को ८६०३२ याचा अर्थ असा, की हा वाण कोइमतूरच्या १९८६ सालच्या मालिकेतला ३२ वा होय. फुले २६५ चे कागदोपत्री नाव को एम ०२६५. यातला "एम" महाराष्ट्राचा. म्हणजे संकराचे बी कोइमतूरचे आणि निवड आपल्या राज्यातली, मालिका २००२ सालची, क्रमांक ६५. ही निवड सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात झाली. ते केंद्र १९३२ पासून काम करीत आहे. को सी ६७१ मधला "सी" हा कडलूरचा; तेही तामिळनाडूतच.

म्हणजे आपण ज्याला नुसता नंबर म्हणतो, ती खरे तर चिठ्ठी आहे. कोठला, कोणत्या सालचा, कितवा, हे तिच्यावर लिहिलेले आहे. नमुना-संग्रहाचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. नमुना कितीही दुर्मीळ असो, त्याची चिठ्ठी हरवली की तो केरकचरा झाला. आणि साधे गवताचे पान असले, पण त्यावर गाव, तारीख व गोळा करणाराचे नाव असले, तर शंभर वर्षांनीही ते कामाला येते.

कांसाचा उपकार

पावसाळा सरता सरता नदी-नाल्यांच्या काठी पांढरे तुरे काढून उभे राहणारे कांस गवत आपण सर्वांनी पाहिले आहे. ते एकदा वावरात शिरले म्हणजे वखराला दाद देत नाही. म्हणून त्याच्या वाट्याला आपल्या शिव्याच येतात. पण हे कांस उसाच्या भाऊबंदकीतले आहे. त्यात रस नाही, साखर नाही. मात्र काटकपणा अंगचा आहे. पाणी कमी असो वा जास्त, थंडी असो, रोग असो, ते तग धरते.

त्या काळी उत्तर हिंदुस्थानातला ऊस बारीक, कमी उताऱ्याचा होता आणि देशात जावाहून साखर येत असे. कोइमतूरचे पहिले ऊसतज्ज्ञ डॉ. सी. ए. बार्बर आणि त्यांच्याबरोबर काम करणारे टी. एस. वेंकटरामन यांनी वेल्लई नावाच्या जाड उसाचा संकर कोइमतूरच्या आसपास उगवणाऱ्या रानटी कांसाशी केला. त्यातून को २०५ हा वाण निघाला आणि १९१८ साली तो पंजाबात लागवडीसाठी देण्यात आला. गोड ऊस आणि रानगवत यांच्या संकरातून व्यापारी लागवडीचा ऊस निघाला, तो हा. पुढे को ४१९, को ७४० अशा वाणांनी आपल्या महाराष्ट्रात राज्य केले. आपल्या वाडवडिलांनी को ७४० चा ऊस पाहिला आहे, काहींनी लावलाही आहे. त्यानंतर आला को ८६०३२. को ६२१९८ आणि को सी ६७१ हे त्याचे आईबाप. १९९६ साली तो "नीरा" या नावाने राज्यात प्रसारित झाला.

आता गंमत पाहा. को ८६०३२ चे आईबाप आपल्याला नावानिशी सांगता येतात, कारण प्रत्येक पिढी जपून ठेवलेली आहे आणि प्रत्येकीची नोंद आहे. आपल्या घरात पणजोबापलीकडची नावे सांगता येत नाहीत. उसाची मात्र येतात! ती नोंद ठेवली नसती, तर कोणाचा संकर कोणाशी करावा हे दरवेळी अंधारातच ठरवावे लागले असते.

कण्णूरचा जिवंत संग्रह

केरळात समुद्रकिनाऱ्याला कण्णूर म्हणून गाव आहे. तेथे कोइमतूर संस्थेचे एक केंद्र १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत उभे राहिले. जगातल्या ऊस-नमुन्यांचे जे दोन मोठे संग्रह मानले जातात, त्यातला एक येथे आहे आणि दुसरा अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात. कण्णूर निवडले, कारण त्या भागात उसाची मोठी लागवड नाही आणि मोठ्या रोगांचा उपद्रवही कमी.

तेथे तीन हजारांहून अधिक प्रकार जपलेले आहेत. त्यात न्यू गिनीच्या बेटावरून आणलेले ऊस आहेत, कारण जाड गोड उसाचे मूळ घर तेच समजले जाते. १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञांची एक तुकडी पाण्यावर उतरणारे विमान घेऊन न्यू गिनीच्या जंगलात ऊस शोधत हिंडली होती. त्या फेरीतल्या उसाला "२८ एन.जी." असे नाव आहे : साल २८, एन.जी. म्हणजे न्यू गिनी. "५७ एन.जी." म्हटले की १९५७ ची फेरी. आपल्या देशातही १९४७ च्या सुमारास रानटी कांस गोळा करण्याची खास योजना सुरू झाली. तिच्या नमुन्यांना "एस.ई.एस." अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक आहे. योजना केव्हाच संपली, माणसे गेली, पण चिठ्ठी कायम आहे.

ज्वारीचे बी पोत्यात भरून ठेवता येते. उसाचे तसे नाही. उसाला तुरा येऊन बी धरते खरे, पण त्या बियातून आईसारखा ऊस उगवत नाही. प्रत्येक बियाचे रोप निराळे. म्हणून वाण जसाच्या तसा ठेवायचा तर कांडीच लावावी लागते, आणि ती दर वर्षी-दोन वर्षांनी नव्याने. तीन हजार प्रकार प्रत्येक वेळी तोडायचे, पुन्हा लावायचे, एकाची कांडी दुसऱ्याच्या वाफ्यात जाऊ द्यायची नाही. कांसाचे भूमिगत खोड तर शेजाऱ्याच्या वाफ्यात हळूच शिरते, त्यामुळे त्याची निगा आणखी वेगळी. पाटी पडली, वाऱ्याने उडाली किंवा मजुराने चुकून दुसरीकडे रोवली, तर वर्षांची मेहनत पाण्यात. हे काम दिसायला लहान आणि वर्षानुवर्षे न थांबणारे आहे. असे काम सरकारने नाही केले तर कोण करणार? त्यात लगेच मिळणारा नफा कोणालाच नाही.

आपल्या राज्यात पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही कारखान्यांच्या सहकारातून १९७५ साली उभी राहिलेली संस्था. तिचे ऊस पैदास केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला आहे, कारण त्या डोंगराळ दमट हवेत उसाला तुरा चांगला येतो. म्हणजे संग्रह जपण्याच्या या कामात आपल्या सहकाराचाही हात लागलेला आहे.

पुसाची कपाटे

आता मेलेल्या किड्यांकडे वळू. बिहारमधील पुसा या गावी १९०५ साली शेतकी संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे किडींचा आणि बुरशींचा असे दोन संग्रह सुरू झाले. बुरशी-संग्रहाची सुरुवात डॉ. ई. जे. बटलर यांनी केली. उसावरची लाल कूज, जिला शेतकरी उसाचा कर्करोग म्हणतात, तिच्याबद्दल त्यांनी १९०६ साली शास्त्रीय माहिती प्रसिद्ध केली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला, पुसाच्या इमारती कोसळल्या. १९३६ साली संस्था दिल्लीला हलली आणि संग्रहही तिच्याबरोबर गेले. दिल्लीच्या त्या भागाला आजही पुसा म्हणतात ते यामुळेच. आज तेथील किडींच्या राष्ट्रीय पुसा संग्रहात पाच लाखांच्या आसपास नमुने आहेत आणि बुरशींचे पन्नास हजारांच्या घरात.

याचा उपयोग काय, याचे उत्तर आपल्याच राज्यात २००२ साली मिळाले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानाखाली पांढरी लोकर दिसू लागली. पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील ऊस पांढऱ्या लोकरी माव्याने भरून गेला. पाने चिकट, त्यावर काळी बुरशी, वजनात घट. शेतकऱ्याला ही कीड नवी होती, पण शास्त्राला नवी नव्हती. १९५८ सालीच पश्चिम बंगालमध्ये तिची नोंद झालेली होती आणि ईशान्येकडील राज्यांतही ती माहीत होती. नाव पक्के झाल्याबरोबर तिचे भाऊबंद कोण, तिला कोण खाते, हे कागदातून बाहेर काढता आले. माव्याला खाणारी एक अळी आणि मायक्रोमस नावाचा कीटक कामाला आले. पुढे एन्कार्शिया ही बारीक परजीवी गांधीलमाशी आसामकडून आणून सोडण्यात आली. ज्या वावरांत मित्रकीटक टिकले, तेथे फवारणीचा खर्च वाचला.

त्यातही एक अडचण होती. माव्याला खाणाऱ्या त्या अळीला कोणी कोनोबाथ्रा म्हणे, कोणी डिफा म्हणे. नवख्याला वाटावे, दोन वेगळे कीटक. शास्त्रज्ञ अभ्यासाअंती नावे बदलतात, म्हणून हा घोळ होतो. अशा वेळी मूळ नमुना काढून शेजारी ठेवला, की दोन्ही नावे एकाच किड्याची हे निर्विवाद ठरते. नाव बदलते, नमुना बदलत नाही. शेताच्या धुऱ्याचा वाद जसा तोंडी पुराव्याने मिटत नाही, मूळ नकाशा काढावा लागतो, तसेच हे.

वनस्पतींच्या बाबतीत हेच काम पुण्यात चालते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० सालची. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ साली पुण्याला सुरू झाले. तेथे दीड लाखाहून अधिक वाळविलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून ठेवलेल्या आहेत. प्राण्यांसाठी १९१६ पासून भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे, त्याचेही केंद्र पुण्यात आहे. आणि आपल्या अगदी उंबरठ्यावर, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोचे केंद्र १९७७ पासून आहे. करडईसारख्या आपल्या कोरडवाहू पिकांचे नाना प्रकार तेथे सांभाळले जातात. कपाशीचे वाण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत. ऊस लावणारा आपला सभासद तूर, हरबरा, पऱ्हाटीही घेतो, म्हणून हे सांगितले.

जपणूक कशी करतात

नमुन्याचे चार वैरी आहेत : ओल, कीड, आग आणि विसर.

ओलीवर उपाय सुकविण्याचा. वनस्पती ब्लॉटिंग कागदात दाबून पूर्ण वाळवितात, जाड कागदावर बसवितात, कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवितात आणि घट्ट बसणाऱ्या दारांच्या लोखंडी कपाटात ठेवतात. किडीवर उपाय औषधाचा. किड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या असतात आणि वेळोवेळी पेट्या उघडून पाहाव्या लागतात, कारण मेलेल्या किड्यांना खाणारे जिवंत किडे असतातच! बियाणे सुकवून त्याचा ओलावा पाच ते सात टक्क्यांवर आणतात, हवा न शिरणाऱ्या चंदेरी पाकिटात बंद करतात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत शून्याखाली १८ अंश थंडीत ठेवतात. तेथे चार लाखांहून अधिक नमुने आहेत. ज्यांचे बी असे टिकत नाही, त्यांचे कोंब द्रवरूप नत्रात, शून्याखाली १९६ अंशांवर ठेवण्याची सोय आहे. रोगाच्या बुरशी काचेच्या नळीत जिवंत ठेवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा असा राष्ट्रीय संग्रह आहे.

आगीचे उदाहरण दूरचे नाही. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाला आग लागली आणि नमुने जळून गेले. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ शहरातील दोनशे वर्षांचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. किड्यांचा प्रचंड संग्रह एका रात्रीत राख झाला. त्यातले कित्येक नमुने अशा जागांचे होते, की जेथे आता जंगलच उरलेले नाही. ते पुन्हा आणणार कोठून?

चौथा वैरी विसर. तो सर्वांत वाईट, कारण त्याचा धूर दिसत नाही. जाणकार माणूस निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, कपाटाची किल्ली कोणाकडे हे कोणाला ठाऊक नसते. म्हणून आता संग्रहांची छायाचित्रे काढून संगणकावर चढविण्याचे काम चालू आहे. वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ साली असा आभासी संग्रह सर्वांना खुला केला. हे चांगलेच झाले. पण छायाचित्र म्हणजे नमुना नव्हे. सात-बाराची झेरॉक्स काढली म्हणून मूळ दप्तर जाळता येत नाही.

कायद्याचाही आधार आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने सरकारने काही संस्था राष्ट्रीय भांडार म्हणून ठरविल्या आहेत. कोणालाही नवी जात सापडली, तर तिचा नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. आपल्या गावची वही कोठे आहे, तिच्यात नाल्याकाठचे कांस, धुऱ्यावरचे जुने वाण लिहिले आहेत का, हे सभासदांनी एकदा अवश्य पाहावे. तसेच पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपला स्वतःचा जपलेला वाण आपल्या नावे नोंदविता येतो.

दुसऱ्या महायुद्धात रशियातील लेनिनग्राड शहराला शत्रूने सुमारे अडीच वर्षे वेढा घातला होता. शहरात माणसे भुकेने मरत होती. तेथील बियाणे-संस्थेत गहू, तांदूळ, शेंगा पोत्यांनी होत्या, पण तेथल्या शास्त्रज्ञांनी त्याला हात लावला नाही. त्यातले काही जण भुकेने गेले. ठेवणीचे बी खायचे नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्या लोकांनी ते प्राण देऊन पाळले.

लाल कुजीचा धडा

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, "चांगला वाण हाती आला, आता जुने नमुने कशाला?" त्याचे उत्तर उत्तर प्रदेशाने अलीकडेच दिले आहे. तेथे को ०२३८ हा वाण २००९ साली आला. टनेज चांगले, उताराही चांगला. शेतकरी खूश, कारखाने खूश. २०२० च्या सुमारास त्या राज्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक ऊस त्या एकाच वाणाचा होता. आणि मग लाल कुजीने त्याला गाठले. बुरशीने रूप बदलले होते. जी बुरशी पूर्वी या वाणाला काही करू शकत नव्हती, तिचा नवा प्रकार तयार झाला.

हा प्रकार नवा आहे हे कळले कसे? कोइमतूर संस्थेकडे जुन्या बुरशींचे प्रकार क्रमांक देऊन जपलेले आहेत आणि ते ओळखण्यासाठी ठरावीक ऊस-वाणांचा एक संच आहे. नवी बुरशी त्या संचावर टोचून पाहिली, जुन्यांशी ताडून पाहिली, तेव्हा ती निराळी ठरली. तिला सी.एफ. १३ हा क्रमांक मिळाला. जुना संग्रह नसता तर नवे काय, हे सांगताच आले नसते. आणि तिला तोंड देणारा पुढचा वाण काढावयाचा, तर प्रतिकारशक्ती पुन्हा त्याच जपलेल्या जुन्या उसांत आणि कांसात शोधावी लागणार.

आपल्याकडे को ८६०३२ ने दीर्घकाळ चांगली साथ दिली आहे. पण त्याचा एक पालक को सी ६७१ दक्षिणेत लाल कुजीमुळेच मागे पडला, हे विसरून चालणार नाही. भिण्याचे कारण नाही, पण सगळी अंडी एका टोपल्यात उबवू नयेत. सहकारात आपण नफ्यातला वाटा राखीव निधीत टाकतो. चांगल्या वर्षी तो कोणी मागत नाही, वाईट वर्षी तोच कारखाना तारतो. नमुन्यांचे संग्रह हा साऱ्या शेतकऱ्यांचा राखीव निधी होय.

आपण काय करावयाचे

दिल्ली-कोइमतूरचे काम तेथील लोक करतील. आपल्या हातात काय आहे, ते आता क्रमाने सांगतो.

१) बेणे मळ्याला पाटी लावा. वाणाचे पूर्ण नाव, बेणे कोठून आणले आणि लागणीची तारीख, एवढे पत्र्यावर रंगाने लिहा आणि वहीतही लिहा. पाटी पडली तरी वही राहते. "पाहुण्याकडून आणलं, चांगलं आहे" ही नोंद होत नाही.

२) भेसळ काढा. लागणीनंतर चार-पाच महिन्यांनी मळ्यातून सावकाश फिरा. पानाचा रंग, कांडीचा आकार, डोळा, पाचट सुटते की चिकटून राहते, हे पाहिले की परका ऊस ओळखू येतो. तो बुडख्यासह उपटा. भेसळीचे एक बेट पुढच्या लागणीत दहा होते.

३) बेणे तीन वर्षांनी बदला. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास उष्ण बाष्प प्रक्रिया दिलेली असते. त्याने गवताळ वाढ, काणी अशा बेण्यातून येणाऱ्या रोगांना आळा बसतो. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे असावे. खोडव्याचे बेणे वापरू नये.

४) एकाच वाणावर विसंबू नका. आपल्या ऊस क्षेत्राचा काही भाग शिफारशीत असलेल्या दुसऱ्या वाणाखाली ठेवा. कोणता, ते जमीन व हंगाम पाहून गट कर्मचाऱ्याशी बोलून ठरवा.

५) रोगट किंवा किडका नमुना आणताना चिठ्ठी विसरू नका. गट कार्यालयात पिशवीत कोंबलेली, सडलेली पाने येतात. वर नाव नाही, गाव नाही. त्यावरून कोणताही तज्ज्ञ काही सांगू शकत नाही. आपण मातीचा नमुना कसा घेतो? वावरातल्या अनेक जागांची माती मिसळून, सावलीत वाळवून, पिशवीत चिठ्ठी टाकून. तीच शिस्त येथे हवी.

चिठ्ठीवर लिहावयाचे ते असे : सभासदाचे नाव, गाव, गट नंबर, वाण, लागण की खोडवा, लागणीची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, वावराच्या कोणत्या भागातला, आणि आधी काय फवारले किंवा टाकले. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओलीत व स्पिरिटात पसरते, पेन्सिल राहते. मोठमोठ्या संग्रहालयांतही बाटलीतल्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिण्याची चाल आहे.

हुमणीची अळी किंवा खोडकिडा असेल तर लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा. भुंगेरे काड्यापेटीत कापसावर कोरडे आणले तरी चालतात. पाने वर्तमानपत्रात गुंडाळा. ओली पाने प्लॅस्टिकमध्ये बांधली की दोन दिवसांत कुजतात. पूर्ण वाळलेले झाड नको, नुकताच रोग लागलेले आणि शेजारचे एक निरोगी, असे दोन्ही आणा. फरक त्यावरूनच कळतो.

६) लाल कुजीचा संशय आला तर ऊस गावभर नेऊ नका. असा ऊस उभा चिरून पाहा. आतला गर तांबडा, त्यात आडवे पांढरे पट्टे आणि आंबलेल्या दारूसारखा वास, ही खूण आहे. अशा वेळी गट कर्मचाऱ्याला बांधावर बोलवा. नमुना पुढे करड्याचे कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे पाठविण्याची व्यवस्था ऊस विकास विभागामार्फत होईल. त्या वावरातले बेणे कोणालाही देऊ नका, मागणारा सख्खा भाऊ असला तरी.

सभासद बंधूंनो, पुसाच्या कपाटातला नमुना आणि आपल्या मळ्यातला ऊस यांना एकच नियम लागू आहे. कोठला, केव्हाचा, कोणाचा, हे लिहिलेले असेल तर तो उद्याही उपयोगी पडेल. या लागणीला प्रत्येक बेणे मळ्यावर पाटी दिसली पाहिजे. पाटीसाठी पत्रा आणि रंग नसेल तर गट कार्यालयात मागावा. पण पाटीवाचून कांडी जमिनीत जाऊ देऊ नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी